फक्त सिनेमाविषयी

३ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

तुमच्या लेकीने मला पाकिटांचा गठ्ठा दिला आहे. प्रत्येकावर तुमचा पत्ता घातलेला, तिकीट लावलेलं. तुम्हालाही दिला असेलच. आपण दोघींनी फोनवर बोलायचं नाही, कारण फोनवर आपण एकमेकींचं वाक्य पुरं होऊ देत नाही, असं त्या नवराबायकोचं म्हणणं. पत्र लिहायचं, आणि तेही फक्त सिनेमाविषयी. लग्नाच्या फोटोत कोण कडेला उभं राहिलं याविषयी नाही. कुणी कुणाला आधी नमस्कार करायला हवा होता याविषयी नाही. माझ्या मुलाविषयी नाही आणि तुमच्या मुलीविषयी तर नाहीच नाही. दोघींनाही सिनेमाचा नाद आहे, एवढी एकच सारखी गोष्ट त्यांना आपल्यात सापडली.

ठीक आहे. माझा मुलगा पूल बांधतो. दोन काठांमध्ये काहीतरी टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. (हे मुलाविषयी झालं. सोडून द्या.)

रविवारी तो विधवा राणीचा सिनेमा पाहिला. राणी तीनशे वर्षांपूर्वीची. ती वळली तेव्हा तिच्या झग्याच्या पाठीला चेन दिसली. मी मोठ्याने म्हणाले, ‘चेन!’ पुढच्या रांगेतल्या माणसाने आपली पँट चाचपली. मी चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवते आहे, लोकांच्या पाठी बघतच म्हातारी झाले. पाठ खोटी असली की पुढचं रडणं मला खरं वाटत नाही. शेवटी ती विष घेते. बरं झालं. त्या झग्यात जगणं अवघडच होतं.

मुलाची आई


१४ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

पत्र मिळालं. नियम मला मान्य आहेत. मी तीस वर्षं ऑपरेशनच्या खोलीत नर्स होते. तिथे बोलायचं नसतं, मागतील ते हातात द्यायचं असतं. त्यामुळे मला जमेल. तुमचं बघा.

राणी आम्हीही पाहिली. चेन मला दिसली नाही, पण विष घेतलेला माणूस असा उशीवर केस पसरून झोपत नाही. काय करतो ते लिहीत नाही, तुम्ही जेवायच्या आधी वाचत असाल. आमच्या ह्यांना सिनेमा आवडला. ते मध्यंतरानंतर जागे झाले होते.

त्याहून चांगला एक आला आहे. त्यातला नवरा वाईट नाही. मारत नाही, पीत नाही. नुसता जेवताना पेपर वाचतो. एके दिवशी बायको बॅग भरते आणि निघून जाते. आरडाओरडा नाही, चिठ्ठी नाही. दार लोटलेलं, आमटी गॅसवर. मला फार आवडला. प्रत्येक मुलीने बघावा असा आहे.

(इथे मी एक ओळ खोडली आहे. तीत विशेष काही नव्हतं.)

मुलीची आई


२ एप्रिल

विहीणबाई,

तुमची खोडलेली ओळ मी खिडकीच्या काचेवर धरून वाचायचा प्रयत्न केला. मग दिव्यावर धरून. कागद पिवळा पडला, ओळ काही दिसली नाही.

लेकी बोले सुने लागे, हे मला कुणी शिकवायला नको. मी दुकान बंद केलं आणि बस धरली. वाटेत सगळं ठरवलं. तुमच्या लेकीला काय बोलायचं, मुलाला काय बोलायचं, पेपर कसा बंद करायचा. त्यांच्या दाराची कडी वाजवली. सुनेने दार उघडलं. दोघं जेवत होती. पेपर कुठेही नव्हता. मुलगा घास हातात धरून म्हणाला, ‘आई, कोण गेलं?’

मी म्हटलं, ‘कोणी नाही. पडद्यांची मापं घ्यायला आले.’

मग मापं घ्यावीच लागली. आता त्या घराचे सगळे पडदे माझ्या गळ्यात आहेत. सुनेने रंग सांगितला आहे, मुलाने झालरही मागितली आहे.

तेव्हा शपथ घेऊन सांगते. यापुढे सिनेमा म्हणजे सिनेमा. तुम्ही त्यात एखाद्या सासूला विहिरीत ढकललंत तरी ती कुणाची सासू हे मी विचारणार नाही.

परत आल्यावर तो सिनेमा पाहिला. बायको कपडे चुरगाळून बॅगेत कोंबते. चूक. रागावलेली बाई घड्या घालते. नेहमीपेक्षा नीट घालते.

मुलाची आई


१९ एप्रिल

विहीणबाई, नमस्कार.

खोडलेली ओळ अशी होती: ‘मी मुलीलाही नेणार होते, पण तिची दाढ दुखते आहे.’ मुलीविषयी नको म्हणून खोडली. नियम पाळल्याचा परिणाम.

घड्यांचं तुमचं म्हणणं मात्र पटलं. माझ्या कपाटातल्या सगळ्यात सुंदर घड्या आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षातल्या आहेत.

काल एक डॉक्टरचा सिनेमा पाहिला. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर तोंडावरचा मास्क काढून नर्सकडे बघून हसतो. रोगी तसाच उघडा. मी खुर्चीतून उठलेच. रोगी वाचतो आणि शेवटी त्यांचं लग्न लावून देतो. माझ्या नोकरीत रोग्याने कुणाचं लग्न लावल्याचं आठवत नाही.

मुलीची आई


१० ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

बऱ्याच दिवसांत लिहिलं नाही. घरात जरा ये-जा होती. पडदे पोचले. झालर छान पडते.

एक सिनेमा पाहिला. नाव लक्षात नाही. आम्ही पोचलो तेव्हा नावं होऊन गेली होती.

त्यात एक इंजिनियर आहे. धरणं बांधतो. पूल नाही, धरणं. चांगली नोकरी, साहेब खूश. एके दिवशी तो राजीनामा देतो. बायकोला विचारून देतो, ती म्हणते, ‘माझ्या पगारात काही दिवस भागेल, कर तुला काय करायचं ते.’ त्याला करायचं असतं शिवणकाम. सासूच्या मागच्या खोलीत एक जुनं पायमशीन पडून आहे. तो रोज ऑफिसच्या वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडतो, तो थेट सासूकडे येतो आणि मशीनवर बसतो. फक्त आईला सांगायची त्याची छाती होत नाही. कारण आई स्वतः शिवणारी. तिने जन्मभर एकच सांगितलेलं, ‘माझ्या बोटांची चाळण झाली ती तू मशीनवर बसावंस म्हणून नाही.’

सासूचं काम करणारी बाई फार चांगली आहे. दिसायलाही बरी. बिचारीने कुणाला न सांगण्याचा शब्द दिलेला असतो आणि तिला खोटं बोलता येत नसतं, त्यामुळे तिचे फार हाल दाखवले आहेत.

तो एक कोट शिवतो आहे. बाही खांद्याला बसत नाही. चार वेळा उसवतो. मला प्रश्न पडला, बाही का बसत नसेल? तुम्हाला कळेल म्हणून विचारते. आणि आईला कळलं तर तिने काय करावं असं तुम्हाला वाटतं? शेवट मी पाहिलेला नाही. ह्यांना झोप अनावर झाली म्हणून उठून आलो.

मुलीची आई


१८ ऑगस्ट

विहीणबाई,

इतका भिकार सिनेमा मी ऐकलेला नाही, बघणं दूर.

एक तर शिलाईकडून लोक धरणाकडे जातात. धरणाकडून शिलाईकडे कोणी येत नाही. दुसरं, ती आई. पोटचा पोर महिनोन्‌महिने नोकरीवर जात नाही आणि तिला पत्ता नाही? अशा आया सिनेमातच. आणि सगळ्यात वाईट ती सासू. दिसायला बरी असेल, पण दुसऱ्याच्या मुलाला मागच्या खोलीत दडवून वर हाल आपलेच सांगते!

क्षणभर माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू. आपलाही इंजिनियर. पण मी शपथ घेतली आहे. शिवाय परवाच फोनवर मी त्याला विचारलं, पूल कुठवर आला. तो म्हणाला, ‘एका बाजूने चांगला चाललाय, दुसऱ्या बाजूला अडलंय.’ पूल म्हटला की दोन बाजू आल्याच.

आईने काय करावं? दोन थोबाडीत द्याव्यात आणि कामावर पाठवावं.

बाहीचं म्हणाल, तर तो इंजिनियर आहे हे एवढं मात्र त्यांनी बरोबर दाखवलं. त्याने बाहीचा वरचा गोल आणि कोटाचा मुंढा मोजून सारखे कापले असणार. तिथेच चुकतं. गोल मुंढ्यापेक्षा मोठाच ठेवायचा असतो. नवशिक्याला वाटतं, जास्त झालं. जास्त नसतं. त्या गोलाला कच्चा दोरा घालायचा, हलक्या हाताने ओढायचा आणि जास्तीचं कापड खांद्याच्या माथ्यावर जिरवायचं. काखेकडे नाही. चुण्या दिसता कामा नयेत, पण कापड असायला हवं. मग टाचण्या लावायच्या, मग अंगावर घालून बघायचं. मशीन सगळ्यात शेवटी. मशीनवर आधी जाऊन बसणाऱ्याला शिंपी म्हणत नाहीत.

दिग्दर्शकाला कळवता आलं तर कळवा.

मुलाची आई


३० ऑगस्ट

विहीणबाई, नमस्कार.

तो सिनेमा मी पुन्हा पाहिला. दिग्दर्शकाने तुमचं ऐकलं असावं. नवी प्रत आली आहे म्हणे. बाही आता मागून छान बसते. पुढून मात्र एक आडवी सुरकुती येते, हात खाली सोडला की.

तुमचं पत्र मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं, ह्यांना. बाहीचा भाग दोनदा वाचावा लागला. थोबाडीचा भाग आला तेव्हा मागच्या खोलीतलं मशीन एकदम थांबलं.

(मागच्या खोलीत शेजाऱ्यांनी त्यांचं मशीन ठेवलं आहे. त्यांच्याकडे जागा नाही.)

सासूविषयी तुम्ही जे लिहिलं ते मला जरा कडक वाटलं. तिने त्याला दडवलं नाही. तो आला, तिने दार उघडलं. जावयाला दारात उभं करायचं का? आणि इतकी चिडलेली आई, पण बाही कशी लावायची ते सांगितल्याशिवाय तिला राहवलं नसतं, असं मला आपलं वाटतं.

सुरकुतीवर उपाय काय?

मुलीची आई


७ सप्टेंबर

विहीणबाई,

मी तुमचा सिनेमा शोधला. इथल्या दोन्ही थिएटरांत विचारलं. पहिल्या ठिकाणी म्हणाले, असा सिनेमा आलेला नाही. दुसऱ्या ठिकाणी खिडकीतल्या माणसाने गोष्ट पूर्ण ऐकून घेतली. मागे रांग थांबली होती. शेवटी म्हणाला, ‘बाई, हाणामारी कुठे आहे?’ मी म्हटलं, ‘आईला कळल्यावर होईल.’ तो म्हणाला, ‘मग आला की सांगतो.’

नाइलाजाने दुसरा पाहिला. एक माणूस खून करतो आणि रक्ताचा शर्ट दोन तास घालून फिरतो. शर्ट दर वेळी वेगळा. पहिल्यात कॉलरला बटणं, नंतर नाहीत. पोलिसांना खुनी सापडत नाही आणि मला शर्ट सापडत नाही. तरी शेवटी रडले. त्याची आई तुरुंगात डबा घेऊन येते आणि पहारेकऱ्याला सांगते, ‘त्याला गरम लागतं.’ बस, एवढंच वाक्य. वाईट सिनेमात असं एखादं वाक्य चुकून राहून जातं.

सुरकुतीचं असं ऐकून सांगता येत नाही. पोटात दुखतं एवढं ऐकून तुम्ही कुणाचं पोट उघडलं असतंत का? बाही तिरकी लागली असेल, किंवा कापडाचा उभा धागा सुटला असेल, किंवा अस्तर ओढत असेल. डोळ्यांनी बघायला हवी.

मुलाची आई


१५ सप्टेंबर

विहीणबाई, नमस्कार.

सोबत बाही पाठवते आहे.

थिएटरवर जाहिरातीसाठी ठेवल्या होत्या. माणशी एक.

मुलीची आई


२१ सप्टेंबर

विहीणबाई,

बाही मिळाली.

कापायच्या टेबलावर पसरली. गिऱ्हाइकं आली, मी त्यांना उद्या यायला सांगितलं.

मनगटाची तुरपाई डावीकडून उजवीकडे गेली आहे. उजव्या हाताचा माणूस उलट जातो. तेव्हा शिवणारा डावखुरा. टाके एकसारखे, पट्टी धरून घातल्यासारखे, आणि दोन टाक्यांच्या मधे पेन्सिलीचा बारीक ठिपका. तो शाळेत असल्यापासून ठिपके देऊन रेघ मारतो.

मग अस्तर उलटून बघितलं. तिथे हात दुसऱ्याचा. प्रत्येक टाका सुटा, प्रत्येकाला स्वतंत्र गाठ, आणि गाठीच्या पहिल्या वळशाला दोरा दोनदा फिरवलेला. अशी गाठ शिंपी मारत नाही. मला पित्ताच्या खड्यांसाठी कापलं होतं तेव्हा पोटावर अशा अकरा होत्या. विहीणबाई, तुम्ही माझ्या मुलाच्या कोटाचं ऑपरेशन केलं आहे.

म्हणजे सिनेमात काम करणारी दोन्ही माणसं माझ्या ओळखीची निघाली. आईचं काम कोण करतं आहे, तेही कळलं. तिच्याविषयी मी बरंच लिहून बसले आहे.

शिवणाऱ्या बाईच्या घरात वाढून त्याला बाही लावता येत नाही, कारण मी त्याला दुकानात पाऊल टाकू दिलं नाही. वरच्या खोलीत अभ्यासाला बसवलं. मला त्याला इंजिनियर करायचं होतं. केला. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला मापं घेताना मी ते सांगितलं आहे. हात वर केलेले असताना बाई कुठे जाते!

त्याला सांगा, बाही तिरकी लावली आहे आणि अस्तर तोकडं आहे. मी सगळी उसवली. नोकरीविषयी मी अजून काही म्हटलेलं नाही. म्हणणार आहे. पण ते तोंडावर. उरलेला कोट घेऊन ये म्हणावं.

तुमच्यावर मी रागावले आहे. किती, ते नंतर कळवीन.

मुलाची आई


२८ सप्टेंबर

विहीणबाई, नमस्कार.

तो परवा सकाळच्या बसने निघाला. एका बाहीचा कोट हँगरला लावून हातात धरला होता, घडी पडू नये म्हणून. बसमधे बसल्यावरही तसाच धरून होता. शेजारच्या माणसाला वाटलं, कुणीतरी आणखी एक बसलं आहे. मुलीने त्याला सांगितलं, ‘आई ओरडतील तेव्हा मधे बोलू नकोस, श्वास घ्यायला थांबतील तेव्हा बोल.’ मी म्हटलं, ‘त्या थांबत नाहीत.’

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. नोकरीत काही बिघडलं नव्हतं. मीही त्याला खोदून विचारलं. तो म्हणाला, पूल झाला की आपण सामान आवरून पुढच्या नदीवर जातो. आपल्या पुलावरून कोण गेलं ते कधी दिसत नाही. कोट घालून माणूस आरशात बघतो तेव्हा त्याला मागे उभं राहायचं आहे. मला हे कारण पटलं की नाही, सांगता येत नाही. मी जन्मभर बेशुद्ध माणसांसाठी काम केलं. डॉक्टर मला घालू देत त्या टाक्यांकडे शुद्धीवर आल्यावर कुणी कौतुकाने बघितलेलं नाही.

तो तिकडे राहील तोवर मुलगी शनिवार-रविवार तुमच्याकडे येऊ का म्हणते. तुमची परवानगी विचारायला घाबरते, म्हणून मी विचारते.

मागच्या खोलीत आता सामसूम आहे. आमच्या ह्यांना दुपारी झोप लागत नाही. मशीनच्या आवाजाची सवय झाली होती. काल सिनेमात मात्र झोपले.

रागाचं कळवा.

मुलीची आई


१२ नोव्हेंबर

विहीणबाई,

सिनेमा पाहिलेला नाही. वेळ नाही.

तो आला तेव्हा मी दारातच थोबाडीत द्यायची ठरवलं होतं. हात उचललाही. पण त्याने कोट पुढे धरला होता, आणि हात गेला तो खांद्याच्या शिवणीवर. बोट फिरवून बघितलं. खांदा बरा होता. तोवर थोबाडीत द्यायची वेळ निघून गेली.

बोलायचं ते सगळं बोलले. तुमच्या लेकीचा सल्ला त्याने पाळला, त्यामुळे त्याला संधी मिळाली नाही. नंतर बरेच दिवस आम्ही कापडाखेरीज बोललो नाही. ‘कात्री.’ ‘ही घे.’ ‘ही कागदाची.’ ‘मग कापडाची कुठे?’ असं.

विहीणबाई, तो वाईट शिकाऊ आहे. हळू आहे. मिलिमीटरमधे बोलतो. बाईचं माप घेतो आणि नेमकं तेवढंच बेततो. मी म्हटलं, ‘अरे, बाई श्वास घेते. तुझा पूल घेत नसेल.’ तो म्हणाला, ‘घेतो की. उन्हाने वाढतो. मधे फट ठेवावी लागते, नाहीतर तडकतो.’ आणि हातातला खडू तसाच धरून उभा राहिला.  मग त्याने ती बाही पुन्हा बेतली, गोलाला जास्तीचं कापड ठेवून. बसली. माझ्यासारखी नाही, पण बसली.

तुमची लेक दर शनिवारी येते. परवानगी मागत बसू नये. परवा दोघं जेवत होती. तो जेवताना शिवणाचं पुस्तक वाचत होता. मी ते उचलून ठेवलं. सिनेमा परिणाम करतो. वर्षभरात शिकून झाला की तिकडे परत पाठवते. नवरा ठेवून घेत नाही, सांगा तिला. दुकान त्याने तुमच्या गावात काढावं. मागची खोली द्याल का, हे विचारायचं होतं. तुमच्या ह्यांच्या झोपेचंही बघता येईल.

तुमची ती गाठ सुटत नाही. अस्तर उसवताना माझ्या चांगल्या कात्रीचं टोक मोडलं. अस्तराला पुन्हा लावू नका. बटणांना मात्र चालते. मी लावायला लागले आहे. रागाचा हिशेब यात आला असं समजा.

काल बँकेतली एक बाई आली, जुनं गिऱ्हाईक. माझं तिला हजारदा सांगून झालं आहे, मुलगा इंजिनियर, पूल बांधतो. तो कोपऱ्यात मशीनवर खाली मान घालून काज करत होता. तिने बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, ‘तुमचा मुलगा ना हा? सुट्टीवर आलाय?’

मशीन थांबलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या. एकेक काढून ठेवल्या.

मी म्हटलं, ‘नाही. कामावर आलाय.’

मशीन चालू झालं. त्याने मान वर केली नाही. ती बाई गेल्यावर मी जाऊन बघितलं. काज सरळ आलं होतं.

मुलाची आई